बोटीवरून आलेले पत्र

समाजकार्याचे शिक्षण घेताना पहिल्या सत्रात मी एक सनावळी पाठ केली होती. इंग्लंडचा १६०१ चा गरिबांविषयीचा कायदा, १८३४ ची त्यातील दुरुस्ती, १८६९ ची लंडनची चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी, १८८४ चे टॉयन्बी हॉल, १८८९ चे शिकागोचे हल हाऊस आणि १९१७ साली निघालेला मेरी रिचमंडबाईंचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ. परीक्षेत या सनांना गुण होते. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला, किंवा १९२४ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम सुरू झाले, या सनांना गुण नव्हते. ते इतिहासाच्या किंवा राजकारणाच्या खात्यात जमा होते. समाजकार्य म्हणजे काही निराळे आहे, ते शास्त्र आहे, असे आम्हाला सांगितले गेले.

ते शास्त्र मी मनापासून शिकलो. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन या त्याच्या तीन मुख्य पद्धती. समाजकल्याण प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती या तीन दुय्यम. ज्याच्यासाठी काम करायचे तो ‘सेवार्थी’, आणि करणारा तो ‘कार्यकर्ता’. क्षेत्रकार्यात मला पहिली केस मिळाली ती पाचवीतल्या एका मुलाची. मुलगा सकाळी शाळेत जाई, मधल्या सुट्टीत घरी येई, तो परत जातच नसे. शाळेने ‘पळपुटा’ असा शिक्का मारून त्याचे नाव आमच्याकडे पाठवले होते. चार भेटींनंतर त्याच्या आईने सांगितले की शाळेतल्या माठाला हात लावायची त्याला बंदी आहे. दुसऱ्या मुलाने वरून ओतले तर ओंजळीने प्यायचे. तो मुलगा खेळायला गेला की तहान मारायची. म्हणून पोरगे पाणी प्यायला घरी येई आणि मग त्याचे पाय परत वळत नसत. केस-पेपरवर ‘समस्येचे कारण’ असा एक रकाना होता. मी त्यात लिहिले : शाळेतील पाण्याचा माठ.

पर्यवेक्षकांनी तो शब्द खोडला. वर सुवाच्य अक्षरात लिहिले : वडिलांचे व्यसन, आईचे दुर्लक्ष, मुलातील न्यूनगंड. आणि समासात एक टीप : ‘कार्यकर्ता सेवार्थीशी एकरूप झाला आहे. नियंत्रित भावनिक सहभागाचे तत्त्व पाळलेले नाही.’ मी कोणत्या वस्तीतून आलो हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या दृष्टीने ते ज्ञान नव्हते, दोष होता.

वडील पीत होते, ही गोष्ट खरी होती. पहिल्या अहवालात मी ती लिहिली नव्हती, हेही खरे. त्या टीपेला पूर्ण उत्तर देता न येण्याचे एक कारण हे होते. या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर आपल्याकडे फार पूर्वीच लिहून ठेवलेले आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हते. ते पुढे काही वर्षांनी बाबासाहेबांच्या एका पत्रात सापडले.

पुणे करार झाला २४ सप्टेंबर १९३२ रोजी. लगेच ३० सप्टेंबरला मुंबईत सभा भरून अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संघ स्थापन झाला. हाच पुढे हरिजन सेवक संघ या नावाने ओळखला जाऊ लागला. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, अमृतलाल ठक्कर सरचिटणीस. नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी ‘व्हिक्टोरिया’ बोटीने निघाले, आणि बोट पोर्ट सैदला पोचताना, १४ नोव्हेंबर रोजी, त्यांनी ठक्करांना एक लांबलचक पत्र लिहिले. संघाने काय करावे, कसे करावे, आणि कुणाच्या हातून करावे याचा तो आराखडा आहे. १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेणारा त्यांचा ग्रंथ निघाला, त्यात हे पत्र छापलेले आहे. आपल्याकडे ते राजकीय कागद म्हणून वाचले जाते. माझ्या मते भारतात लिहिले गेलेले समाजकार्याच्या सिद्धांताचे ते एक अव्वल प्रकरण आहे, आणि समाजकार्याच्या वर्गात त्याचे स्थान रिचमंडबाईंच्या ग्रंथाशेजारी असायला हवे.

पत्राच्या आरंभी ते दलितोद्धाराच्या कामात दोन पंथ आहेत असे सांगतात. पहिला पंथ असे गृहीत धरतो की माणसाच्या दुर्दशेचे मूळ त्याच्या वैयक्तिक वर्तनात असते. तो हलाखीत आहे, म्हणजे त्याच्यात काहीतरी दुर्गुण असले पाहिजेत. असे गृहीत धरले की कार्यक्रम आपोआप ठरतो : दारूबंदी, आखाडे, सहकारी पेढ्या, वाचनालये, शाळा. दुसरा पंथ म्हणतो की माणसाचे भवितव्य त्याची परिस्थिती ठरवते. तो गांजलेला आहे, कारण ज्या परिस्थितीत त्याला जगावे लागते तीच प्रतिकूल आहे. बाबासाहेब दुसऱ्या पंथाचे आहेत हे ते स्वच्छ सांगतात. पहिल्या मार्गाने चार-दोन माणसे वर येतील, पण तो सबंध वर्ग होता तिथेच राहील, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

आता हे दोन पंथ त्यांनी हवेतून काढले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेत दानधर्माला शिस्त लावण्याची चळवळ सुरू झाली. तिच्या मुळाशी अशी भीती होती की सरसकट दान दिल्याने गरीब आळशी होतात. म्हणून दान मागणाऱ्याच्या घरी जाऊन चौकशी करायची, तो ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवायचे, आणि शक्यतो पैशाऐवजी सदुपदेश द्यायचा. हे काम सुखवस्तू घरांतल्या बायका करीत. त्यांना ‘मैत्रीपूर्ण भेट देणाऱ्या’ असे नाव होते. त्याच्या उलट बाजूला सेटलमेंटची चळवळ होती. टॉयन्बी हॉल, हल हाऊस ही तिची ठाणी. जेन ॲडम्स आणि त्यांच्या सहकारिणी गरिबांच्या वस्तीतच घर करून राहिल्या आणि त्यांनी घाण, घरभाडे, बालमजुरी, कारखान्यांचे कायदे यांत हात घातला. एका बाजूचे म्हणणे, माणूस सुधारा. दुसरीचे म्हणणे, गल्ली सुधारा, कायदा बदला.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. रिचमंडबाई १९०९ पासून त्याच शहरात रसेल सेज फाउंडेशनमध्ये काम करीत होत्या आणि त्यांचा ग्रंथ त्या वर्षांत आकार घेत होता. १९१५ साली बाल्टिमोरच्या परिषदेत अब्राहम फ्लेक्सनर यांनी ‘समाजकार्य हा पेशा आहे काय’ असा प्रश्न टाकला आणि अजून नाही असे उत्तर दिले. त्यानंतर अमेरिकेतील समाजकार्यकर्ते आपल्याकडे स्वतंत्र पद्धती आहे हे सिद्ध करण्याच्या खटपटीला लागले. बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई शिकागोत असताना हल हाऊसशी निकटचे संबंध ठेवून होते. बाबासाहेबांनी समाजकार्याचा अभ्यासक्रम केला असा माझा दावा नाही. पण ज्या हवेत हा वाद चालू होता ती हवा त्यांनी घेतली होती, एवढे म्हणायला हरकत नसावी.

रिचमंडबाईंच्या ग्रंथाच्या आदल्या वर्षी, मे १९१६ मध्ये, त्याच शहरात पंचवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातींवर निबंध वाचला. जात म्हणजे बंदिस्त केलेला वर्ग आणि तो बंदिस्त राहतो जातीतल्या जातीत लग्ने लावून, असे त्याचे प्रतिपादन होते. ‘सामाजिक निदान’ म्हणायचे तर हेही निदानच होते. रिचमंडबाईंनी निदानाची रीत अतिशय काटेकोर केली : कुटुंब, नातलग, शाळा, डॉक्टर, मालक, शेजारी, प्रत्येकाकडून पुरावा कसा गोळा करायचा, तो कसा तोलायचा. त्या पद्धतीबद्दल मला आजही आदर आहे. पण तिच्यात एक एक कुटुंब तपासले जाते. या तरुणाने कुटुंबे ज्या साच्यातून निघतात तो साचाच तपासायला घेतला.

बोटीवरच्या पत्रातला कार्यक्रम त्यातूनच निघतो. पहिले कलम नागरी हक्कांच्या मोहिमेचे : गावची विहीर, गावची शाळा, गावची चावडी, सार्वजनिक वाहने. हे करताना खेड्यात दंगे होतील, डोकी फुटतील, हे ते लपवीत नाहीत. उलट असे सांगतात की कुलाबा आणि नाशिक जिल्ह्यांत आम्ही हे करून पाहिले आहे. महाडला १९ व २० मार्च १९२७ रोजी काय घडले ते वाचकांना माहीत आहे. बोले यांचा ठराव १९२३ साली कायदे कौन्सिलात झाला होता, महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला होता, आणि तरीही पाणी प्यायला हजारो माणसांना चालत जावे लागले. त्यानंतर मार खावा लागला, आणि कोर्टाची पायरी दहा वर्षे चढावी लागली; हायकोर्टाचा निकाल १९३७ साली आला. ठराव कागदावर असणे आणि ओंजळीत पाणी येणे यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते कापणे हेच कार्यकर्त्याचे काम, असा या कलमाचा अर्थ आहे.

दुसरे कलम समान संधीचे. कामावर घेताना अस्पृश्य शेवटी, काढताना पहिला. तिसरे सामाजिक संबंधांचे : सवर्णांनी आपल्या घरात अस्पृश्याला पाहुणा म्हणून किंवा निदान नोकर म्हणून घ्यावे. हे तिसरे कलम वाचताना पूर्वी मला राग येई. नोकर म्हणून? मग लक्षात आले की ते हिशेबी आहे. मुंबईच्या गिरण्यांत साच्याखात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओलावा लागे आणि त्या थुंकीचा इतरांना विटाळ होई. जिथे थुंकीचा विटाळ आहे तिथे घरात वावरणारा माणूस, मग तो भांडी घासणारा का असेना, ही भिंतीला पडलेली भेग असते.

माझ्या पर्यवेक्षकांचे आता काय करायचे? वडील पीत होते, हे पंथ दुसरा मानला तरी उरतेच. इथे पत्राच्या आधीची आठ वर्षे पाहावी लागतात. बहिष्कृत हितकारिणी सभेने आरंभी काय केले? सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. मुंबईत मोफत वाचनालय काढले. तरुण मुले जुगार-दारूकडे वळू नयेत म्हणून महार हॉकी क्लब काढला. म्हणजे जो कार्यक्रम १९३२ च्या पत्रात पहिल्या पंथाचा म्हणून बाजूला ठेवला आहे, त्यातला बराचसा त्यांनी स्वतः चालवला होता. महाडच्या परिषदेतही मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा असे त्यांनी आपल्या माणसांना बजावले. हा विसंगतीचा पुरावा म्हणून दाखवणारे विद्वान मला भेटले आहेत. मला तो तसा वाटत नाही. आपल्या माणसाने आपल्या माणसाला ‘हे सोड’ असे सांगणे हा स्वाभिमानाचा व्यवहार असतो. त्यात सांगणाराही त्याच वाटेने चालत असतो. ज्याने विहीर बंद ठेवली आहे त्यानेच येऊन ‘रोज आंघोळ करीत जा’ असे सांगणे हा निराळा व्यवहार असतो. वाक्य एकच, पण बोलणारा कोण आणि त्याने अगोदर काय केले आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो. समाजकार्याच्या पुस्तकांत कार्यकर्त्याच्या वृत्तीवर पानेच्या पाने असतात. त्याच्या जातीवर माझ्या विद्यार्थिदशेतल्या एकाही पुस्तकात ओळ नव्हती.

पत्रात ती आहे. काम कुणी करायचे हा प्रश्न बाबासाहेबांनी शेवटी घेतला आहे आणि तिथे त्यांची भाषा बदलते. पगारी माणसे हे काम करू शकणार नाहीत. ज्याला त्या माणसांबद्दल प्रेम आहे त्यालाच सेवा जमेल, असे ते टॉल्स्टॉयचा आधार घेऊन म्हणतात, आणि म्हणून कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांतूनच घ्यावेत असे सुचवतात. अस्पृश्यांतही समाजसेवेच्या नावावर पोट भरणारे निघतील, हे सांगायलाही ते विसरत नाहीत. शेवट प्रेमाकडे जातो : स्पृश्य आणि अस्पृश्य यांना कायदा एकत्र बांधून ठेवू शकणार नाही. आयुष्यभर कायद्याचा किल्ला लढवणाऱ्या माणसाने हे लिहिले आहे.

माझ्या समासातली टीप मी या प्रकरणाशेजारी ठेवून पाहिली. ‘नियंत्रित भावनिक सहभाग’ हे तत्त्व फेलिक्स बिस्टेक या जेसुइट अध्यापकाने १९५७ सालच्या आपल्या पुस्तकात मांडलेल्या सात तत्त्वांपैकी एक. बाकीची : व्यक्तिविशिष्टता, भावनांची सहेतुक अभिव्यक्ती, स्वीकृती, दोषारोप न करण्याची वृत्ती, स्वयंनिर्णय, गुप्तता. तत्त्वे चांगली आहेत. बिस्टेकचा मुद्दा असा की कार्यकर्त्याने सेवार्थीचे दुःख जाणावे, पण त्यात वाहून जाऊ नये. जाणीव आधी, संयम नंतर. आमच्याकडे पहिला अर्धा भाग गळून पडला आणि जवळिकीलाच आजार ठरवले गेले. आणि ‘दोषारोप न करणे’ हे तत्त्व त्याच यादीत असताना, मुलाच्या आईवर ‘दुर्लक्ष’ लिहिणाऱ्या पेनाला ते आठवले नाही.

त्या पत्राचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. ठक्करांकडून साधी पोचसुद्धा आली नाही, असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. संघाने पहिल्या पंथाचा कार्यक्रम घेतला. आरंभी मध्यवर्ती मंडळावर बाबासाहेबांसह जे अस्पृश्य पुढारी होते ते बाहेर पडले, आणि पुढे मंडळावर अस्पृश्य का नाहीत असे विचारल्यावर हा सवर्णांच्या प्रायश्चित्ताचा मामला आहे असे उत्तर मिळाले. ठक्कर व्यक्तिशः हलके गृहस्थ नव्हते. मुंबईच्या नगरपालिकेतील इंजिनिअरची नोकरी सोडून ते भारत सेवक समाजात आले होते आणि पुढे आदिवासींत त्यांनी हयात घालवली. म्हणून तर प्रश्न अधिक बोचरा होतो. चांगला माणूस, कष्टाळू माणूस, आणि तरीही सिद्धांत चुकला की कष्ट चुकीच्या विहिरीत पडतात.

यानंतरचे एक वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे : १९३६. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने नाकारलेले भाषण त्या वर्षी बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ म्हणून स्वखर्चाने छापले. त्याच वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उघडले, भारतातले समाजकार्याचे पहिले महाविद्यालय. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे शिकागोला शिकलेले अमेरिकन मिशनरी; नागपाड्यात सेटलमेंटच्या धर्तीवर त्यांनी नेबरहूड हाऊस चालवले होते. शाळेचा आरंभही नागपाड्यातच झाला. १९४४ मध्ये तिचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. मॅन्शार्ट नागपाड्याच्या गल्ल्या ओळखत होते, आणि ते गल्ली सुधारा म्हणणाऱ्या परंपरेतले. पण पुढे पेशा रुजला तो मुख्यतः अमेरिकन पाठ्यपुस्तकांवर, आणि अमेरिकेत तोवर फ्रॉइडचे वारे शिरले होते. निदानवादी आणि कार्यवादी असे दोन पंथ तिथे भांडत होते. दोघांचेही भांडण माणसाच्या मनाच्या आतल्या खोलीत चालले होते. नागपाडा ते परळ हे अंतर फार नाही. वाङ्मयात मात्र ते समुद्राएवढे राहिले.

पुढच्या सिद्धांतांविषयी थोडक्यातच लिहितो. १९७० नंतर व्यवस्था-सिद्धांत आला, १९८० मध्ये जर्मेन आणि गिटरमन यांचे परिसर-विज्ञानावर बेतलेले ‘जीवन-प्रतिमान’ आले. ‘परिस्थिती’ हा शब्द पुन्हा पुस्तकात आला याचा मला आनंद झाला. पण त्यात माणूस आणि परिसर यांचा मेळ बसवायचा असतो, जसा प्राणी आपल्या परिसराशी जुळवून घेतो. माठाला शिवू न देणारी शाळा हा परिसर मानला, तर त्याच्याशी मुलाने मेळ कसा बसवायचा? ओंजळ मोठी करून? मला अधिक जवळचे वाटले ते बार्बरा सॉलोमन या कृष्णवर्णीय विदुषीचे १९७६ सालचे पुस्तक. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत काम करताना तिने ‘एम्पॉवरमेंट’ हा शब्द समाजकार्याच्या सिद्धांतात आणला. एखाद्या समूहाविषयीचे तुच्छ शेरे पिढ्यानुपिढ्या त्याच्या अंगात मुरवले जातात आणि त्यातून येणारी हतबलता ही त्या माणसाची प्रकृती नसते, असे तिचे म्हणणे. आपल्याकडे हा शब्द ‘सक्षमीकरण’ होऊन सरकारी फलकांवर चढला, बचतगटाच्या वह्यांत शिरला, आणि तो कुणाच्या वस्तीतून आला हे पुसले गेले. गेल्या काही दशकांत दलित-आदिवासी अध्यापकांनी टाटा संस्थेतच दलित आणि आदिवासी समाजकार्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम उभा केला, ही त्यातली जमेची बाजू. त्यांनाही ‘एकरूप झालात’ ही टीप मिळतच असेल.

मी पुढे स्वतः क्षेत्रकार्याचा पर्यवेक्षक झालो. केस-पेपरचा नमुना बदलण्याचा मला अधिकार नव्हता, म्हणून मी विद्यार्थ्यांना पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर तीन गोष्टी लिहायला लावीत असे : हा माणूस पाणी कुठे भरतो, त्याला कुणाच्या उंबऱ्याच्या आत घेतात, आणि हे विचारणारा तू कोण. तिसऱ्या प्रश्नाला सवर्ण विद्यार्थी बिचकत आणि आमची मुले त्याहून अधिक बिचकत. एका मुलीने सबंध सत्रभर ती जागा कोरी ठेवली होती. शेवटच्या अहवालात तिने तिथे आपले आडनाव लिहिले, पूर्ण, आणि खाली आपल्या गावचे नाव.